कोरड्या लॉकला दारं कशाला?

आईला फोनवर सांगितलं, "रविवारी एक जुना लॉक बघायला गेलो होतो," तर ती म्हणाली, "कुलूप बघायला एवढ्या लांब?" तिचं काही चुकलं नाही. मराठीत या वस्तूला शब्द आहे, जलपाश; पण पनामा कालव्याची बातमी आली की तो वर्तमानपत्रात डोकावतो आणि पुन्हा शब्दकोशात जाऊन बसतो. आपल्याकडे कालवा म्हणजे पाट. धरणातून सुटलेलं पाणी शेतापर्यंत वाहत जावं म्हणून उतार देऊन काढलेला. इंग्लंडचे जुने कालवे होड्यांसाठी काढलेले, त्यामुळे त्यांचं पाणी जवळजवळ उभं असतं. उभं पाणी डोंगर चढत नाही. चढ आला की कालव्याला पायऱ्या पाडाव्या लागतात, आणि त्यातली एक पायरी म्हणजे लॉक: वर-खाली दारं असलेला दगडी हौद. होडी आत घ्यायची, खालची दारं लावायची, वरून पाणी सोडायचं. होडी पाण्याबरोबर वर येते. पंप नाही, इंजिन नाही.

मी बघितलेला लॉक ग्लॉस्टरशर परगण्यात, स्ट्राउड गावाच्या पूर्वेला, सॅपर्टनच्या खालच्या झाडीत आहे. थेम्स-सेव्हर्न कालव्याचा. शेजारून फ्रोम नदी जाते; नदी म्हणायची इतकंच, आपल्याकडे तिला कुणी ओढ्यापलीकडे मान दिला नसता. पायवाटेनं चालताना लॉक आधी लक्षातच येत नाही. मग जमिनीत एक लांबट खड्डा दिसतो. दोन्ही बाजूंना सरळ उभ्या भिंती, तळात वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, मधोमध मनगटापेक्षा जाड झालेली झाडं. चुन्याच्या सांध्यांतून लांब जिभेसारख्या पानांचं नेचं लोंबतंय. दारं केव्हाच कुजून गेली. पण ती जिथं होती तिथं दगडात वरपासून खालपर्यंत एक अर्धगोल पन्हळ आहे. दाराचा उभा खांब या पन्हळीत फिरायचा. बाकीची भिंत हाताला खरखरीत लागते, पन्हळ मात्र जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत.

आणि थोड्या अंतरावर तशीच दुसरी पन्हळ आहे. हौदाच्या एकाच टोकाला दारांच्या दोन जागा कशाला? कारण असं, की कालवा सुरू झाल्यावर पाणी पुरेना. तेव्हा कंपनीनं या चढावरचे बरेच लॉक आखूड केले. वरची दारं आतल्या बाजूला आणून हौद छोटा केला, म्हणजे दर खेपेला तेवढंच पाणी वाचेल. माझं सगळं म्हणणं त्या दोन पन्हळींच्या मधल्या अंतरात आहे.

प्रश्न हा आहे: सार्वजनिक पैसा आणि लोकांचं श्रमदान खर्चून हा कालवा सेव्हर्न नदीपासून थेम्सपर्यंत पुन्हा होडी जाईल असा करावा का? तिथली कालवाप्रेमी मंडळी गेली 50 वर्षं म्हणतायत, करावा. माझं मत: खालचा अर्धा जरूर करावा, तो होतोही आहे. वरच्या डोंगरातल्या लॉकना मात्र दारं बसवू नयेत. त्यांच्या भिंती सांभाळाव्यात आणि त्यांना कोरडं राहू द्यावं.

हे मत देशाबाहेरून आलेल्या माणसानं मांडावं का, असं कुणी विचारेल. विचारू दे. माझा कर तिथंच जातो.

आधी या खोऱ्याबद्दल. स्ट्राउडच्या आसपासच्या ओढ्यांवर लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या आणि इथलं लाल कापड नावाजलेलं होतं. ब्रिटिश शिपायांचे लाल डगले या कापडाचे असत. ईस्ट इंडिया कंपनी इथली मोठी गिऱ्हाईक. जुन्या मराठी कागदांत 'बनात' आणि 'सकलाद' हे शब्द येतात ते विलायतेहून येणाऱ्या अशाच जाड लोकरी कापडासाठी. त्यातले काही तागे या खोऱ्यातून निघाले असणार. गिरण्यांना कोळसा हवा होता आणि कोळसा सेव्हर्नच्या बाजूनं येत होता. म्हणून 1779 मध्ये सेव्हर्नपासून स्ट्राउडपर्यंतचा स्ट्राउडवॉटर कालवा पुरा झाला. लांबी थोडी, चढ बेताचा, गिऱ्हाईक दारात. तो चालला. त्याची मालक कंपनी वाहतूक बंद पडल्यावरही, आजतागायत, टिकून आहे.

मग माणसांना वाटतं तसं वाटलं: एवढं जमलं तर पुढचंही जमेल. स्ट्राउडपासून डोंगर ओलांडून थेट थेम्सपर्यंत, म्हणजे लंडनपर्यंत पाण्याची वाट. 28 लॉकमधून 241 फूट वर चढायचं, माथ्यावर डोंगराच्या पोटातून साडेतीन किलोमीटरच्या बोगद्यातून जायचं, आणि पलीकडे 16 लॉक उतरून थेम्सला मिळायचं. सॅपर्टनचा हा बोगदा त्या काळी इंग्लंडमधला सगळ्यात लांब. तो खणला जात असताना 1788 मध्ये राजा तिसरा जॉर्ज स्वतः बघायला आला होता. 1789 च्या नोव्हेंबरमध्ये पहिली होडी पार झाली. कौतुक करावं असंच काम होतं, आणि मी ते मनापासून करतो. फावडी, कुदळी, सुरुंगाची दारू आणि माणसं, एवढ्यावर हे झालं.

फक्त डोंगर चुनखडीचा होता.

चुनखडी म्हणजे भेगांचा दगड. कालव्याच्या तळाला चिकणमाती ओली करून तुडवून तिचा जाड थर द्यायचा, ही तेव्हाची अस्तरीकरणाची रीत. माथ्यावरच्या भागात हा थर टिकेना. उन्हाळ्यात भूजल खाली गेलं की कालव्याचं पाणी भेगांतून निघून जायचं. पावसाळी महिन्यांत खालचे झरे जोर करून वर यायचे आणि मातीचा थर खालून उचकटून टाकायचे. म्हणजे वर्षातले काही महिने कालवा गळायचा आणि उरलेले महिने पुढच्या गळतीची तयारी करायचा. थेम्सच्या उगमाजवळ विहीर खणून आधी पवनचक्की, मग 1792 मध्ये बोल्टन-वॉटचं वाफेचं इंजिन लावलं. 1854 मध्ये त्याहून मोठं इंजिन आलं. पाणी उपसत राहिले, डोंगर ते पीत राहिला.

लॉकचा हिशेब इथं समजून घ्यायला हवा, कारण पुनरुज्जीवनाच्या उत्साहात तो कुणी नीट सांगत नाही. मूळ मापाचा इथला एक हौद एकदा भरायला अडीच लाख लिटरच्या पुढे पाणी लागतं. होडी चढताना हे पाणी वरच्या टप्प्यातून घ्यावं लागतं, आणि त्या टप्प्याला त्याच्या वरच्यातून. असं करत सगळं येतं माथ्यावरून. एक होडी डोंगर चढून पलीकडे उतरली की माथ्यावरून एक हौद या बाजूला आणि एक त्या बाजूला खाली गेला. पाणी कुठूनही आणा, ते आधी डोंगराच्या डोक्यावर न्यावं लागतं. म्हणजे हा कालवा बांधला तो नेमक्या अशा जागी, जिथं पाण्याची गरज सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी.

रेल्वे आली आणि कालव्याचं उरलंसुरलं उत्पन्न गेलं, हा इतिहास इंग्लंडमधल्या शंभर कालव्यांचा आहे. इथली गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. 1895 मध्ये आसपासच्या कालवा कंपन्या आणि कौन्सिलांचा एक ट्रस्ट उभा करून कालवा ताब्यात घेतला गेला. झेपलं नाही. 1901 मध्ये ग्लॉस्टरशरच्या काउंटी कौन्सिलनं तो घेतला. करदात्यांच्या पैशानं माथ्याच्या भागाची दुरुस्ती केली आणि 1904 मध्ये वाहतूक पुन्हा सुरू केली. 1911 मध्ये शेवटची मालाची होडी डोंगरापार गेली. 1927 मध्ये पूर्वेकडचा मोठा भाग कायद्यानं सोडून दिला, 1933 मध्ये उरलेला. म्हणजे 'सार्वजनिक पैशातून हा कालवा पुन्हा चालू करून बघू या' हा प्रयोग एकदा झालेला आहे. त्याला उणीपुरी दहा वर्षं मिळाली नाहीत. तेव्हा इथं कोळसा जाळणाऱ्या गिरण्या होत्या आणि होडीवाल्यांचं पोट होडीवर होतं. आज त्यातलं काहीच नाही.

पुनरुज्जीवनवाल्यांची बाजू मात्र कच्ची नाही. त्यांची टिंगल करणारे लोक मला आवडत नाहीत. 1972 मध्ये इथं कालव्यासाठी संस्था निघाली तेव्हा तिला वेड्यांत काढणारे पुष्कळ होते. थंडीत, भर डिसेंबरात, निवृत्त शिक्षक आणि बँकवाले गुडघाभर चिखलात उभं राहून गाळ काढत होते. मी दोन-तीन रविवार त्यांच्यात विटांच्या सांध्यांत चुना भरायला गेलो आहे. चुना सिमेंटसारखा घाई करत नाही. तो दाबून भरायचा, त्यावर ओलं गोणपाट टाकायचं, उघडा ठेवला की उन्हावाऱ्यानं भुगा होतो. माझं काम बघून तिथले एक आजोबा म्हणाले, "छान, पण हे काढून पुन्हा कर." त्या माणसानं मला दिवसभरात जेवढं शिकवलं तेवढं वर्गात बसून कळलं नसतं.

या लोकांनी अशक्य म्हटलेल्या गोष्टी करून दाखवल्यात. स्टोनहाउसला रेल्वेच्या भरावाखाली कालवा बुजलेला होता. 2021 च्या नाताळात रेल्वे बंद ठेवून तिथं नवा पूल बसवला गेला आणि कालव्याला वाट मिळाली. त्याच्या पुढं एम-5 महामार्गानं कालव्याचा एक मैल गिळला होता. तिथून वाट काढायचं काम हातात घेतलं आहे. मधेच 2008 मध्ये ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी मंडळानं अंग काढून घेतलं, तरी स्ट्राउडच्या जिल्हा कौन्सिलनं गाडा ओढला. राष्ट्रीय लॉटरीच्या पैशावर चालणाऱ्या वारसा निधीतून कोट्यवधी पौंड मिळाले. त्यातला पै न् पै मला योग्य वाटतो. हा भाग सखल आहे, त्याला नदीचं पाणी मिळतं, काठावर वस्ती आहे. देशाच्या जलमार्गांच्या जाळ्याला तो जोडला जाईल. तिथल्या लॉकना दारं हवीत, कारण त्या दारांतून होड्या जाणार आहेत.

वरच्या लॉकचं तसं नाही. माझा आक्षेप सुरू होतो तो इथून.

"केनेट-एव्हन कालवाही संपला म्हणत होते, 1990 मध्ये खुद्द राणीनं उद्घाटन केलं," हे उत्तर मला दर वेळी मिळतं. खरं आहे. डिव्हायझेसजवळचे 29 लॉक आज चालतात, बघून छाती फुगते. हडर्सफील्डचा अरुंद कालवाही 2001 मध्ये उघडला. पण या दोन्ही कालव्यांना माथ्यावर पाण्याची तरतूद होती. केनेट-एव्हनला विल्टनचा तलाव आणि क्रॉफ्टनचं पंपघर आहे. तिथलं 1812 चं वाफेचं इंजिन अजून चालवून दाखवतात. शिवाय डिव्हायझेसला वापरलेलं पाणी विजेच्या पंपानं परत वर चढवतात. हडर्सफील्डला पेनाइन डोंगरातले तलाव आहेत. थेम्स-सेव्हर्नच्या माथ्याला स्वतःचा मोठा तलाव कधीच नव्हता. जिद्द सगळीकडे सारखी असते, पाणलोट सारखा नसतो.

आणि आज थेम्सच्या उगमाशी पाणी किती आहे? 2022 च्या ऑगस्टमध्ये ती नदी उगमापासून काही मैल कोरडी पडली, उगमच खाली सरकला म्हणा. ज्या भूजलातून जुनी कंपनी पाणी उपसत होती ते हेच. त्यातून आता सहलीच्या होड्यांसाठी उपसा करायला परवानगी मागायची? चालू कालव्यांचीच अवस्था बघा. 2025 च्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूलसारख्या मोठ्या कालव्यावर जलाशय आटल्यामुळे लॉकना टाळी लावावी लागली. आईचा अर्थ अखेर खरा ठरला.

देखभालीचा विषय याहून रूक्ष, म्हणूनच त्यावर कुणी भाषण करत नाही. ओकच्या लाकडाची लॉकची दारं साधारण 25 वर्षं टिकतात. उद्घाटनाला फीत कापणारे पुढारी तोवर निवृत्त झालेले असतात. इंग्लंड-वेल्समधले दोन हजार मैलांचे जलमार्ग 2012 पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. सरकारनं 2027 पासूनच्या दहा वर्षांसाठी तिला 40 कोटी पौंड कबूल केले, आणि संस्थेचं म्हणणं की महागाई धरली तर ही 30 कोटींहून जास्त कपात आहे. 2019 मध्ये व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा खचला तेव्हा दीड हजार माणसांना घरं सोडावी लागली होती. कालव्यांना पाणी देणारी धरणं दोन-दोन शतकं जुनी आहेत. पैसा आधी कुठं जायला हवा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. माझे वडील उभा जन्म कालव्यावर नोकरीला होते. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: नवा कालवा काढायला निधी लगेच येतो, जुन्याचं गवत काढायला अर्ज करावा लागतो.

एक युक्तिवाद मात्र असा होता, की ज्यानं माझं मत जवळजवळ बदललं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडला पाणी कमी पडतंय, सेव्हर्नमध्ये ते जास्त आहे. ते थेम्सच्या खोऱ्यात आणायची योजना कित्येक वर्षं चर्चेत आहे, आणि एक पर्याय हाच कालवा होता: पाणी पंपानं लॉकच्या बाजूबाजूनं वर चढवायचं, बोगद्यातून न्यायचं, पलीकडे सोडायचं. तसं झालं असतं तर मी उद्या सकाळी गमबूट घालून हजर झालो असतो. लॉकना पुन्हा काम मिळालं असतं, गळती थांबवायला पाणी कंपनीचा पैसा आला असता, होड्या फुकटात गेल्या असत्या. मध्य इंग्लंडमध्ये ग्रँड युनियन कालव्यातून असंच पाणी नेण्याचं काम पुढं सरकतंय, म्हणजे कल्पना हवेतली नव्हती. पण सेव्हर्न-थेम्सच्या अभ्यासात पसंती मिळाली ती सेव्हर्नकाठच्या डीअरहर्स्टपासून थेम्सकाठच्या कल्हमपर्यंतच्या बंद नळाला. नळ गळत नाही, त्यात शेवाळ होत नाही, त्याला लॉक लागत नाहीत. हिशेबानं ते बरोबरच असावं. पण मग वरच्या कालव्याला नवं काम मिळण्याची जी एक खरी शक्यता होती ती मावळली, हे मान्य करायला हवं. कालव्याच्या संस्थेतले काही जण हे खासगीत मान्य करतात. जाहीर नकाशावर ठळक रेघ मात्र अजून थेम्सपर्यंत जाते.

काम नसलेल्या लॉकला दारं बसवली तर काय होतं, ते सॅपर्टनच्या बोगद्याला विचारा. बोगद्याच्या दोन्ही तोंडांची दगडी बांधणी देखणी दुरुस्त केली आहे. आत छत कोसळून वाट बंद. फोटो छान येतो. वरच्या चढावर नव्या ओकची दारं बसवली तर तीही कोरड्या हौदावर उभी राहून उन्हात तडकतील. लाकडी दार पाण्यात भिजलेलं राहिलं तरच फुगून घट्ट बसतं. कोरडं दार हा नाटकाचा पडदा झाला.

शिवाय मधल्या नव्वद-शंभर वर्षांत तिथं दुसरंच काही वसलंय. लॉकच्या बाजूची झाडी आता राखीव आहे. वर सिकरिज वुडमध्ये झोपाळू उंदीर आहेत, मे महिन्यात लिलीची पांढरी फुलं असतात. फ्रोमच्या दगडांवर डिपर पक्षी शेपटी नाचवत बसतो. मी निसर्गवेडा नाही आणि 'माणसानं माघार घ्यावी' हे पालुपद मला कंटाळवाणं वाटतं. श्रॉपशरमधल्या माँटगोमरी कालव्यावर दिसलंय की पाण्यावर तरंगणारं एक दुर्मीळ रोपटं फार होड्यांनी मरतं आणि अजिबात होड्या नसल्या तरी इतर गवतात गुदमरतं. तिथं थोड्या होड्या हेच उत्तर आहे. पण त्या कालव्यात पाणी आहे.

तर मग करायचं काय? दर हिवाळ्यात भिंतीतली रोपटी मुळासकट काढायची, कारण मूळ मनगटाएवढं झालं की काढताना भिंतच येते. कडेचे घडीव दगड सुटले असतील तर चुन्यात बसवायचे. हौदातली झाडं निम्मी तोडायची, निम्मी ठेवायची. त्या दोन पन्हळी मोकळ्या ठेवायच्या आणि शेजारी एक छोटी पाटी लावायची की पाणी वाचवायला हा हौद आखूड केला. बोगद्याच्या तोंडाजवळ डेनवेच्या जुन्या खानावळीच्या आवारात जिथं आज गाड्या उभ्या राहतात तिथं खाली एक लॉक बुजवलेला आहे. तो तसाच राहू दे, गाड्या लावायलाही जागा लागतेच. या सगळ्याला लाखांत पैसे लागतील, कोटींत नाही, आणि ते दर वर्षी लागतील. त्यासाठी लॉटरीकडे अर्ज केला तर मिळणार नाहीत, कारण त्यात उद्घाटन नाही.

हे सगळं मी त्या चुना शिकवणाऱ्या आजोबांना एकदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, थापी बादलीत बुडवली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी येणार आहेस ना?" मी हो म्हटलं. आम्ही खालच्या भागात काम करत होतो, तिथं पाणी होतं.